आत्तीच्या बंदुकीचं बोंडलं

भवानी पेठेत माझं लेथचं दुकान आहे. सोलापुरात जे जे म्हणून गंजतं, धरतं आणि सुटत नाही म्हणतं, ते शेवटी माझ्या दारात येतं. यंत्रमागाचे नट तर रोजचेच. एकदा ऐन मुहूर्तावर नवरदेवाच्या बोटात अडकलेली अंगठी मी कापली, आणि ती अशी कापली की बोटाला ओरखडा नाही आणि नवरीला पत्ता नाही. एका डाळिंबवाल्याच्या बोअरमध्ये अडकलेली मोटर आम्ही वर खेचली तेव्हा तिच्यामागून पलीकडच्या गावाचं पाणीही वर आलं. त्या गावची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. यातलं थोडं तुम्ही वजा करून घ्या. माझी बायको निम्मं वजा करते, तुम्ही नवीन आहात, पाव करा. पण आत्तीच्या बंदुकीचं जे सांगतोय त्यातलं काही वजा करू नका, कारण ते घडलं तेव्हा तिथं माझ्याहून खरं बोलणारी माणसं हजर होती.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वैरागच्या अलीकडे ओढ्याकाठी तिचं रान आहे आणि रानातच घर. नवऱ्याला ती मालक म्हणायची, म्हणून आम्ही भाचरंही त्यांना मालकच म्हणायचो. मालकांकडे पीक राखायच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीला जे काही भरवायचं ते तोंडातून भरवायचं. आधी दारू ओतायची, मग चिंध्या घालून लांब गजानं ठासायच्या. मागच्या अंगाला एक बोटाच्या पेराएवढी पोकळ नळी असते, तिच्यावर टिकलीसारखी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी नळीतून आत जाते आणि बार होतो. ही नळी आट्यांवर बसवलेली असते, फिरवून काढता येते आणि फिरवून घालता येते. बंदुकीच्या दुकानात तिला निपल म्हणतात. आत्ती तिला बोंडलं म्हणते, तान्ह्या पोराला दूध पाजतात तसलं.

मालकांनी आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाही. ते नुसता बार काढायचे. पण काय बार. त्यांनी ओढ्याकाठी घोडा पाडला की बार्शीत कपबशा खळखळायच्या आणि वैरागच्या बाजारात बांधलेल्या म्हशी तारखेच्या आधी विणायच्या. डुकरंही आमच्याकडची साधी नव्हेत. मका कणसात आला की ती रांगेनं येतात, म्हातारं डुक्कर पुढं, पिल्लं मधे, आणि कणीस सोलून दाणे कोवळे आहेत की निबर ते बघूनच आत शिरतात. दोन मळे सोडून तिसऱ्या मळ्यात कुणाचं बियाणं चांगलं आहे हे कृषी खात्याला कळायच्या आधी त्यांना कळतं. अशा जनावराला फटाक्यानं काय होणार. बार लागतो.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. मालकांनी केली. ती तिथं असतानाच मालक गेले. सकाळी मक्याला पाणी द्यायला म्हणून गेले आणि बांधावर बसले ते बसलेच. आत्ती रानात एकटी होती आणि वस्तीवरून माणूस यायला दुपार झाली.

ही दुपार त्यांच्या मुलाच्या मनातून गेली नाही. मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. सरळ पोरगा, दर महिन्याला आईची गुडघ्याची औषधं पाठवणारा. त्याचं म्हणणं होतं की रान वाट्यानं द्यावं आणि आईनं पुण्याला चलावं. म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच त्याला तोडता येत नव्हतं. आत्ती त्याच्याशी वाद घालत नसे. तिनं गुपचूप मालकांचा परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केला, तलाठ्यापासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या गुडघ्याला हात लावत चढली आणि एक दिवस मुलाला फोन करून सांगितलं की बंदूक माझी झाली. मुलानं तो फोन ठेवला आणि पुढचा मला लावला.

मग त्यानं मला मधे घेतलं. मला म्हणाला, दादा, आईला समजाव. मी म्हणालो, तुझ्या आईला समजावायचं काम माझ्या आज्ज्याला जमलं नाही. शेवटी आम्ही तिघांनी फोनवरच ठरवलं. बंदूक चालती असेल तर खंडेनवमीला तिची पूजा मांडायची, आत्तीनं एक बार काढून दाखवायचा, आणि मुलानं पुण्याचा विषय परत काढायचा नाही. चालती नसेल तर ती कायमची सरकारजमा, रान वाट्यानं, आणि आत्ती त्याच्या गाडीत. आत्तीनं लगेच होकार दिला, कारण बंदुकीला काही झालं असेल असं तिच्या मनातच नव्हतं. मला वेगळं बोलवून ती एवढंच म्हणाली, "पुण्यात डुकरं न्हाईत. मग मी तितं करू काय?"

ठाण्यातून बंदूक घरी आली. आत्तीनं ती पुसली, बोंडल्याला हात लावला, आणि बोंडलं हलेना. भोकात सुई घालून बघितली तर सुईही जाईना. ठिणगीची वाटच बंद.

दुसऱ्या दिवशी आत्ती एसटीनं सोलापुरात उतरली. बंदूक वाकळेत गुंडाळून बाजूच्या सीटवर निजवली होती, आणि गाडी खच्चून भरलेली असताना त्या सीटवर बसायचा धीर कुणाला झाला नाही. कंडक्टरनं विचारलं, आजारी माणूस हाय का. आत्ती म्हणाली, व्हय, घसा बसलाय. ही मला आत्तीनं सांगितलेली गोष्ट, म्हणजे खोटं बोलायचं आमच्या घराण्यात कुठून आलं ते तुम्हाला कळलं असेल.

परवान्याची बंदूक कुणाच्याही लेथवर चढवता येत नाही. ती परवान्याच्याच दुकानात उघडावी लागते. असं दुकान शुक्रवार पेठेत माझ्या वर्गमित्राचं आहे. त्याच्या आज्ज्यापासून त्यांच्याकडे हेच काम. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, तो फळ्यावरचं उतरवून घ्यायचा आणि मी त्याच्या वहीतलं. आजही आमची विभागणी तशीच आहे. तो वाट बघणारा, मी ठोकणारा. गंजलेला नट बघितला की त्याला तेलाची बाटली आठवते आणि मला घण.

आत्तीला बघून तो उठला, स्टूल पुसून दिलं, आक्का म्हणाला. वाकळ उघडली. मी पान्हा खिशातून काढेपर्यंत त्यानं माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला. आधी बंदूक भरलेली आहे का ते बघायचं, म्हणाला. त्याची रीत अशी की बंदुकीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे करायचं, गज तोंडातून तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी गजावर खडूनं खूण करायची, मग तोच गज बाहेरून बंदुकीच्या लांब नळीला लावून बघायचा. गजाचं टोक बोंडल्यापर्यंत पोचलं तर नळी मोकळी. अलीकडे राहिलं तर आत काहीतरी आहे.

गज चांगला चार बोटं अलीकडे राहिला.

"अंदर माल है," तो म्हणाला.

मी धाडसी माणूस आहे, पण धाडस दारात उभं राहूनही करता येतं. चहा घेऊन आलेला टपरीवाला चहा न देताच परत गेला. एक गिऱ्हाईक एअरगनचे छर्रे घ्यायला आलं होतं, ते पैसे ठेवून आणि छर्रे न घेता गेलं. शुक्रवार पेठेतली ती गल्ली मी एवढी रिकामी फक्त क्रिकेटच्या फायनलला बघितली आहे. आत्ती मात्र स्टुलावर तशीच बसून होती. ती म्हणाली की मालक भरलेली बंदूक ठाण्यात देतील असे येडे नव्हते. माझा मित्र म्हणाला, आक्का, मालक येडे नव्हते, पण बंदूक येडी असते. तिला विचारून चालत नाही, भरलेलीच समजावी लागते.

मग त्यानं नळीत तोंडापर्यंत पाणी भरलं आणि ती उभी करून ठेवून दिली. दारू असेल तर भिजून चिखल होऊ दे. चहा परत मागवला. टपरीवाल्यानं तो लांबूनच सरकवला. भरपूर वेळानं पाणी ओतून टाकलं आणि मित्रानं गजाच्या टोकाला बूच काढायच्या पेचासारखा एक वाकडा काटा लावून आत फिरवला. काटा रुतला. हळूच ओढला. बाहेर काय आलं असेल? लाल मातीचा गोळा. अजून फिरवला, अजून माती. शेवटी मातीचं एक अख्खं घरटंच निघालं, आत छोट्या छोट्या खोल्या केलेलं. कुंभारमाशीचं. बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात उभी होती तेवढ्या काळात माशीनं तिच्यात चाळ बांधली होती आणि भाडेकरूही ठेवून गेली होती. आत्ती हसली नाही. ती म्हणाली की ठाण्यात राहून माशीलासुद्धा घर मिळालं, आणि मला माझ्या घरातून काढायला निघालेत.

नळी मोकळी झाली. आता बोंडलं.

मित्रानं भिंग लावून बघितलं आणि मला बोलावून दाखवलं. बोंडल्याच्या बुडाशी आट्यांच्या फटीतून करड्या रंगाचा काहीतरी पदार्थ बाहेर येऊन दगडासारखा झाला होता. गंज नव्हता तो. आणि बोंडल्याचा चौकोनी माथा, ज्याला किल्ली लावायची असते, तो कुणीतरी पाईपच्या पान्ह्यानं पिळून गोल करून टाकला होता. आम्ही दोघांनी एकदम आत्तीकडे बघितलं.

आत्तीनं पदर सारखा केला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मालक जाण्याच्या आदल्या हंगामात बंदुकीला गळती लागली होती. आटे झिजले होते, बार काढला की बोंडल्याच्या बुडातून धूर फुसकन बाहेर यायचा आणि मालकांच्या उजव्या गालावर काजळी बसायची. मालक ठिबकवाले. आख्खं रान त्यांनी स्वतःच्या हातानं ठिबकवर घेतलेलं. गळती म्हटलं की त्यांना एकच औषध माहीत, तो दोन गोळ्यांचा मसाला, एक काळसर आणि एक पांढरा, दोन्ही एकत्र मळायचे आणि गळतीवर थापायचे, तासाभरात दगड होतो. मालकांनी बोंडलं काढलं, आट्यांना तो मसाला फासला, परत घातलं, आणि ठिबकचा जॉइंट आवळतात तसं पाईपच्या पान्ह्यानं आवळलं. बार काढून बघायच्या आधीच निवडणूक लागली, तरी आत्तीला म्हणाले की आता शंभर वर्षं गळणार नाही.

खरंच गळणार नव्हतं. उडणारही नव्हतं.

माझ्या मित्रानं कपाळाला हात लावला. बंदूक ही काही पाण्याची टाकी नाही, म्हणाला. बार काढला की दारूची काजळी आट्यांत जाते, काजळी हवेतला ओलावा ओढते, आणि धुतली नाही तर आटे एकमेकांना असे धरतात की दोन लोखंडांचं एक लोखंड होतं. म्हणून दर बारानंतर उकळत्या पाण्यानं धुवायचं, बोंडलं काढायचं, कोरडं करायचं, आट्यांना चरबी लावून हातानं घालायचं, पान्ह्यानं नाही. हे त्यानं मालकांना दर वेळी सांगितलं होतं. मालक दर वेळी व्हय म्हणून गेले होते. मालकांचं व्हय म्हणजे काय ते आत्तीला विचारा.

किल्ली मी केली. हे मात्र माझं काम होतं आणि त्यात मी कुणाला हात लावू दिला नाही. मागाच्या मोडक्या दांड्याचं पोलाद घेतलं, गोल झालेल्या माथ्याचा साचा मेणात उठवला, आणि लेथवर आणि मग कानशीवर अशी किल्ली उतरवली की बोंडल्यावर ठेवली की आपली आपण बसायची आणि उलटी धरली तरी पडायची नाही. तेवढ्यात मित्रानं बंदूक लाकडी गुटक्यांत, चामडं घालून, शिकंज्यात धरली होती आणि बुडाशी डिझेल आणि मशीनचं तेल थेंब थेंब सोडत बसला होता. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना थेंब, सकाळी उघडताना थेंब. माझी बायको म्हणाली, एवढी सेवा तर तुम्ही दोघांनी आपापल्या आईची केली नाही.

आत्ती आमच्याकडेच राहिली. रोज दुपारी ती माझ्याबरोबर शुक्रवार पेठेत यायची, स्टुलावर बसायची आणि बंदुकीकडे बघत राहायची, दवाखान्यात बसतात तशी. तेलानं काही होत नव्हतं, कारण तेल गंज सोडवतं, मसाला नाही. खंडेनवमी जवळ आली. मुलाचा फोन आला की तो आदल्या दिवशी गाडी घेऊन सोलापुरातच येतोय, बंदूक आणि आई दोघींना उचलायला. बंदूक कुठं न्यायची ते त्यानं बोलून दाखवलं नाही.

आदल्या दिवशी सकाळी मी ठरवलं की आता बस्स. किल्लीला हातभर लांब दांडा लावला, पाय रोवले आणि जोर काढला. माझा जोर म्हणजे काय, एकदा मी नुसत्या हातानं... जाऊ दे, इथं तो उपयोगी पडला नाही. बोंडल्यातून एक बारीक कट् असा आवाज आला. सुटल्याचा नव्हे, तुटायला निघाल्याचा. ज्यांनी आयुष्य लोखंडात काढलं त्यांना हे दोन आवाज झोपेतही वेगळे कळतात. मित्रानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नक्को रे. आधा अंदर रह गया तो बंदूक गई. आक्का भी गई."

मी दांडा सोडला. तो बरोबर होता. माथा तुटून बुंधा आत राहिला असता, तर मग भोक पाडून काढायचं, आटे नव्यानं पाडायचे, खंडेनवमी तर गेलीच असती. हे नुसतं एवढंसं बोंडलं नव्हतं, त्याच्या आट्यांवर आत्तीचं घर टांगलेलं होतं.  बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. मित्र म्हणाला, गॅसची बत्ती लावून मसाला जाळता येईल, पण त्यानं पोलादाचं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं आणि जुन्या नळीला मी ज्वाळा लावणार नाही. मी म्हणालो, मग मसाल्याला मऊ करतं असं दुसरं काय आहे. त्यानं तेलाची बाटली फडताळात ठेवून दिली.

अशात मुलगा आला. पुण्याहून निघून थेट दुकानात. आईच्या पाया पडला, मला नमस्कार केला, शिकंज्यातल्या बंदुकीकडे बघितलं आणि आमची तोंडं बघून त्याला सगळं कळलं. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. तो आईशेजारी खाली, फरशीवरच बसला. म्हणाला, आई, राहू दे आता, सगळ्यांनी केलं की.

आत्तीनं बंदुकीवरचा तेलाचा ओघळ पदरानं पुसला. मग तिनं विषयच बदलला असं आम्हाला वाटलं. ती मालकांच्या मसाल्याचं सांगायला लागली. मालकांना तो मसाला कळला तेव्हापासून घरात काही फुटायची पंचाईत नव्हती. खाटेचा पाय मसाल्यानं, चपलेचा अंगठा मसाल्यानं, देवघरातल्या घंटेचा लोलक मसाल्यानं, त्यामुळे घंटा वाजायची बंद झालेली. मुलगाही हसायला लागला. त्यानं आठवण काढली की बाबांनी माझ्या शाळेच्या डब्याचं झाकण एकदा मसाल्यानं बसवलं होतं आणि मला त्या दिवशी उपास घडला होता.

"समदं टिकलं," आत्ती म्हणाली. "पर बंबाची तोटी न्हाय टिकली. पाणी कडक झालं की मसाला मेणावानी व्हायचा आन् तोटी हातात यायची. तीनदा थापला, तीनदा हातात आली. शेवटी मीच म्हणलं, ऊन पाण्याला तुमचा मसाला भितोय."

ती हे अगदी सहज म्हणाली, नवऱ्याची गंमत म्हणून.  माझ्या मित्रानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मुलगा इंजिनिअर. तो सगळ्यात आधी उठला आणि टपरीवर गेला.

टपरीवाल्याची चहाची मोठी किटली पाण्यानं भरून उकळत आली. गज घालून नळी पुन्हा एकदा मोकळी असल्याची खात्री केली. मग मुलानं किटली धरली आणि मित्रानं बोंडल्याच्या बुडाभोवती चिंधी गुंडाळली, पाणी तिथंच थांबावं म्हणून. आत्तीनं स्टुलावरूनच कारभार हातात घेतला. हळू वत. बोंडल्यावर वत, माझ्या पायावर न्हाय. गार पडलं, दुसरं आण. मुलगा किटली घेऊन टपरी ते दुकान अशा खेपा घालत होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. टपरीवाला एव्हाना भीती विसरून दोन शेगड्यांवर पाणी ठेवत होता आणि गिऱ्हाइकांना सांगत होता की आज चहा नाही, बंदुकीचं बाळंतपण चालू आहे. नळीतून वाफ निघायला लागली. चामड्याचा वास सुटला. करड्या मसाल्याला मित्रानं सुईनं टोचलं, आणि सुई रुतली.

मी किल्ली बसवली. दांडा लावायला गेलो तर आत्ती म्हणाली, आधी आवळ. मला वाटलं तिला ऐकू कमी येतंय. ती म्हणाली, लोणच्याच्या बरणीचं झाकण धरलं की आम्ही आधी उलीसं आवळतो, मग ते सुटतं, तू बाप्या माणूस, तुला काय ठावं. मित्र मान हलवत होता, हीच रीत त्याच्या बापाची होती म्हणून. मी केसभर आवळलं. आत काहीतरी चुरचुरलं. मग सोडवलं. किल्ली केसभर फिरली. परत आवळलं, परत सोडवलं, वर मुलाचं गरम पाणी, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त. कुर्र असा एक लांब आवाज आला, म्हाताऱ्या माणसानं आळस द्यावा तसा, आणि बोंडलं फिरायला लागलं. शेवटचे वेढे मी फिरवले नाहीत. आत्तीला उठवलं, हाताला चिंधी गुंडाळून दिली, आणि तिनं ते स्वतःच्या हातानं बाहेर काढलं.

आतल्या भोकात मसाला भरलेला होता. पण नळीकडचे आटे, तुम्ही विश्वास ठेवू नका, मसाल्याखाली ते जवळजवळ कोरे होते. गंजाचा एक ठिपका नाही. मालकांनी बंदूक मुकी केली, पण सांभाळूनही ठेवली. मित्रानं आटे घासून साफ केले, दुकानातलं थोड्या जाड आट्याचं नवं बोंडलं घेतलं, ते हातानं फिरवत बुडापर्यंत बसतंय का ते पुन्हा पुन्हा बघितलं, आणि बंदूक आत्तीच्या हातात दिली. मुलानं रिकामी किटली टपरीवर नेऊन दिली. परत आला तेव्हा त्यानं बंदूक कुठं न्यायची ते विचारलं नाही. गाडीची मागची सीट आडवी करून त्यानं तिच्यावर वाकळ अंथरली.

खंडेनवमीला मी आणि माझा मित्र दोघंही रानात होतो. विळे, कुऱ्हाड, ठिबकचा पान्हा आणि बंदूक, सगळं पाटावर मांडलं होतं. आत्तीनं बोंडल्याच्या भोकात कुंकू जाऊ नये म्हणून त्याच्यावर कापडाची टोपी घातली होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिनं बांधावर उभं राहून थोडी दारू, थोड्या चिंध्या अशी बंदूक भरली, तोंड रिकाम्या माळाकडे केलं आणि घोडा पाडला. आवाज कसा झाला ते मी लिहीत नाही, तुम्ही वजाच करणार. मका हलला, मधून काहीतरी जड पळालं, आणि ओढ्यापलीकडे वस्तीवरच्या कुणीतरी हाळी घातली की आक्का, हाय का. आत्तीनं हाळी घातली की हाय.

मुलानं ती हाळी ऐकली. वस्तीवरची माणसं बाराच्या आवाजावर कान ठेवून असतात आणि आवाज आला की विचारतात, हे त्याला पुण्यात माहीत नव्हतं. मालक गेले ते दिवस बंदूक ठाण्यात होती ते, म्हणून आत्तीला बार काढून कुणाला बोलावता आलं नव्हतं. तो बांधावरून उतरला. आत गेला, बंबाखाली जाळ घातला, पाणी कडक केलं आणि आईला म्हणाला की आता धुवायचं कसं ते मला दाखव. तिनं दाखवलं. नळी धुतली, उभी करून निथळली, बोंडलं काढलं, पुसलं, शेजारच्या धनगराकडून आणलेली मेंढीची चरबी मेणात मिसळून आट्यांना लावली आणि बोंडलं हातानं घातलं. मुलानं ते पुन्हा काढलं आणि पुन्हा घातलं. पुण्याचा विषय निघाला नाही. तो ठरल्याप्रमाणे आजतागायत निघालेला नाही.

आता दुसराच विषय निघतो. मुलगा दर रविवारी फोन करतो. गुडघे कसे आहेत ते शेवटी विचारतो. आधी विचारतो की बोंडलं काढून बघितलंस का. नुसतं व्हय म्हटलेलं त्याला चालत नाही, कारण व्हय त्यानं लहानपणापासून ऐकलेलं आहे. आत्तीला फोनवर तोंड दाखवावं लागतं आणि चरबी लागलेलं बोटही. मागच्या महिन्यात त्यानं पुण्याहून एक महागडी डबी पाठवली, तांब्याची भुकटी घातलेलं ग्रीस, आटे धरूच नयेत म्हणून. आत्तीनं ते विहिरीच्या रहाटाला लावलं. फार छान फिरतोय, म्हणते, अजून पाठव म्हणावं. बंदुकीला मात्र ती मेंढीची चरबीच लावते, आणि रविवारी सकाळी फोन यायच्या आधी बोंडलं काढून, पुसून, पदराच्या टोकावर ठेवून तयार बसते.